आधी वाढणाऱ्याकडे बघ

कळंबोली,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. छकुलीस,


काल ताईचा फोन आला होता. तुमच्या होस्टेलवर म्हणे दर शनिवारी रात्री अजब खाऊची पंगत बसते. प्रत्येकीने काहीतरी चमत्कारिक शोधून आणायचं आणि ते सगळ्यांनी चाखायचं. "तुझं ऐकते ती, जरा कान उपट तिचे," असा मला हुकूम झालाय. पण ताईने यादी वाचली आणि माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. वसाबी लावलेले वाटाणे, डुरियनच्या गोळ्या, कोरियन शेवया, दुबईचं ते पिस्ता भरलेलं चॉकलेट. ओरिओच्या भजीचं मात्र ऐकून वाईट वाटलं. चांगल्या तेलाचं आणि चांगल्या बिस्किटाचं एकाच कढईत वाटोळं करायचं, याला काय म्हणावं! पण तो माझ्या जिभेचा प्रश्न झाला, तुला उपदेश करण्याचा नाही.

तेव्हा हे सोड असं मी सांगणार नाही. उलट या वयात जीभ धीट झाली नाही तर पुढे होत नाही. माझ्या ओळखीची कितीतरी शहाणीसुरती माणसं लग्नाच्या पंगतीत नवा पदार्थ दिसला की आधी शेजारच्याला विचारतात, "कसं आहे हो?" आणि शेवटी वरणभातच घेतात. तू तशी होऊ नयेस. फक्त चाखताना एक पथ्य पाळ. आमच्या कट्ट्यावर आम्ही ते पाळत आलोय, म्हणून आधी कट्ट्याविषयी सांगतो.

कळंबोली म्हटलं की लोकांना एक्सप्रेसवे सुरू होतो ते ठिकाण आठवतं, नाहीतर सर्कलवरची वाहतूक कोंडी. माझं आयुष्य गेलं ते लोखंड बाजारात. मुंबईतला लोखंडाचा व्यापार सिडकोने इथे हलवला, न्हावा-शेवाचं बंदर पलीकडे आलं आणि साऱ्या देशाचे ट्रक इथे थांबायला लागले. ट्रकबरोबर ड्रायव्हर, क्लीनर, कारकून, दलाल आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे डबेही आले. ऑफिसात दुपारी डबे उघडले की हिंदुस्थानचा नकाशा मांडल्यासारखं दिसायचं. त्यातले आम्ही काहीजण निवृत्तीनंतरही महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमतो. ज्याने त्याने आपल्या गावचं, बाकीच्यांनी न खाल्लेलं काहीतरी आणायचं. म्हणजे तुमची पंगत आमचीच नक्कल आहे. फरक एवढाच की तुमच्याकडचं बरंचसं पाकिटातून येतं आणि आमच्याकडचं माणसाच्या हातून.

या फरकाकडे नीट लक्ष दे.

आमच्यात एक अण्णा आहेत, सेलमचे. एका आषाढीला माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी बघून ते हसत सुटले. म्हणाले, आमच्या गावचा कारखाना तुमच्या उपासाच्या ताटात कसा? मग त्यांनी सांगितलं ते ऐक. साबुदाणा म्हणजे कसावा नावाच्या कंदाचं सत्त्व. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा साबुदाणा बंद पडला, तेव्हा सेलमच्या लोकांनी तो या कंदापासून करायला घेतला. आता खिचडीत आणखी काय असतं ते बघ. दाणे दक्षिण अमेरिकेचे, मिरची अमेरिकेची, बटाटा पेरूकडच्या डोंगरातला. आपल्या आजीच्या सोवळ्यातल्या उपासाची अर्धीअधिक थाळी सातासमुद्रापलीकडची आहे आणि आजीला त्याचा पत्ता नाही. तुमच्या डुरियनच्या गोळीला ताई नाक मुरडते ना, तिला हे वाचून दाखव.

अण्णांनी पुढे सांगितलं ते जास्त कामाचं. कच्च्या कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. तो सोलायचा, किसायचा, पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा, सत्त्व तळाशी बसू द्यायचं, मग गोळ्या करून भाजायच्या आणि वाळवायच्या. एवढं केल्यावर तो उपासाला चालण्याइतका गरीब होतो. हे ज्या लोकांना ठाऊक होतं त्यांच्या हातून तो आपल्यापर्यंत आला, म्हणून आपण बिनघोर खातो.

आपल्याकडची शेवळं तशीच. पावसाच्या तोंडावर पनवेलच्या बाजारात कातकरी, ठाकर बायका जुड्या घेऊन बसतात. तपकिरी-जांभळी, टोकदार, दिसायला जराशी भीतीदायकच. तुझ्या मामीने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली तेव्हा, हे खायचं की देव्हाऱ्यात ठेवायचं, असं विचारलं होतं. नुसती चिरून फोडणीला टाकलीस तर घसा असा खाजेल की पुन्हा भाजीचं नाव काढणार नाहीस. पण विकणारी बाई जुडीबरोबर मूठभर काकडं देते. ही हिरवी, आवळ्यासारखी आंबट फळं. त्यांचा रस घातला की खाज मरते. आतला पिवळा भाग काढून टाकायचा हेही तीच सांगते, न विचारता, दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता. पदार्थ, त्याचा दोष आणि दोषावरचा उतारा, तिन्ही एकाच टोपलीत.

म्हणून माझं पथ्य असं की अनोळखी पदार्थ बघण्याआधी वाढणाऱ्याकडे बघायचं. तो स्वतः हे खातो का? त्याच्या घरात लहान मुलं हे खातात का? कसं खायचं, किती खायचं, कशाबरोबर, हे त्याला सांगता येतं का? येत असेल तर डोळे मिटून खा. मग ती मुंग्यांची चटणी का असेना. गडचिरोलीपासून ओडिशापर्यंत लोक ती पिढ्यान्‌पिढ्या खातात, आणि मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

आणि वाढणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर पदार्थ कितीही गोजिरा दिसो, हात मागे घे. मॉलमध्ये, लग्नात, जत्रेत ते तोंडातून धूर काढायचं बिस्किट मिळतं ना, त्याचंच मला भय वाटतं. त्यावर द्रवरूप नायट्रोजन ओततात. त्याचं तापमान उणे १९६ अंश. एक लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. धूर सरून बिस्किट कोरडं झाल्यावर खाल्लं तर काही नाही, पण थेंबभर द्रव पोटात गेला तर तो तिथेच उकळून फुगतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये कर्नाटकात दावणगेरेला एका लहान मुलाने असं बिस्किट तोंडात टाकलं आणि तो वेदनेने कळवळला. त्याचं चित्रण देशभर फिरलं आणि तामिळनाडूच्या अन्न सुरक्षा विभागाने विक्रेत्यांना ताकीद दिली. बेंगळुरूत एका लग्नात धुराचं पान खाल्लेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या जठराला भोक पडलं, शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखवास म्हणून चुकून कोरडा बर्फ दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. या सगळ्या ठिकाणी वाढणारा पोऱ्या हसतमुख होता असणार. त्याला दोष तरी काय द्यायचा? त्याच्या हातात नळकांडं दिलं गेलं, काकडं कुणी दिली नाहीत.

तिखटाचंही तसंच आहे. तुमच्यात म्हणे पैज लागते, कोण जास्त तिखट शेवया पाणी न पिता संपवतं. कट्ट्यावर आसामचा एक ड्रायव्हर यायचा. त्याने एकदा भूत जोलोकियाचं लोणचं आणलं. २००७ मध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात गेलेली ही मिरची, स्कोव्हिल मापावर १० लाखांच्या वर. आमच्या सरदारजींनी मिशीला पीळ देत मोठा चमचा भरला, तर त्याने मनगटच धरलं. म्हणाला, असं नाही. काडीच्या टोकाला लागेल एवढंच लोणचं घेतलं, भाताच्या ढिगात कालवलं आणि तो घास पुढे केला. आधी कान गरम झाले, मग कपाळावर घाम आला आणि तिखटाच्या मागून एक फळासारखा सुगंध आला. चमचाभर खाल्लं असतं तर तो सुगंध कुणालाच कळला नसता. मिरची जन्मापासून खाणारा माणूस ती किती कमी खातो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

याउलट अमेरिकेत एक कंपनी एकच चिप शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात घालून विकायची, खाऊन दाखवा म्हणून. सप्टेंबर २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या १४ वर्षांच्या एका मुलाने ती खाल्ली आणि त्याच दिवशी तो गेला. त्याच्या हृदयात जन्मतः दोष होता, असं पुढे तपासणीत निघालं. कंपनीने चिप बाजारातून काढून घेतली. तुमच्यात कुणाला दमा असेल, हृदयाचा त्रास असेल, तर ती मुलगी सगळ्यांसमोर सांगेलच असं नाही. पैज नसेल तर तिला सांगावंही लागत नाही, गुपचूप कमी खाता येतं. म्हणून पैज बंद कर. तिखट खायचं तर खा, पण जवळ दूध नाहीतर दही ठेव. पाण्याने मिरचीचा दाह उतरत नाही, कारण त्यातलं तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं.

आता पाकिटांचं. पाकिटामागे माणूस दिसत नाही, म्हणून त्यावरचा मजकूर वाचायचा. परदेशी मालावर इथल्या आयातदाराचं नाव आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक हवा, नसेल तर ते कुणाच्या तरी बॅगेतून आलेलं आहे. हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण ते बघ. तुझी ती जैन मैत्रीण आहे ना, तिला जेलीच्या गोळ्या देण्याआधी जिलेटिन आहे का ते वाच. आणि घटकांत १२० आकडा दिसला तर तो लाल रंग किड्यांपासून काढलेला असतो. तिला माहीत नसताना खाऊ घालून मग हसायचं, हा विनोद नव्हे, पाप आहे. इथे मी चेष्टा करत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हेही पहिल्याच शनिवारी विचारायला हवं होतं. या शनिवारी विचार. बाकी कुरकुऱ्यात प्लास्टिक असतं म्हणून ताई ते जाळून दाखवते, तिकडे लक्ष देऊ नकोस. पीठ आणि तेल आहे, जळणारच.

रीतीभातीचं एकच सांगतो. रोडपालीचे एक दादा खाडीच्या निवट्यांचं कालवण आणायचे. निवटी बघितलीयस का? चिखलावर परांनी सरपटत चालणारा, डोळे डोक्यावर असलेला मासा. ओहोटीला खाडीच्या काठी उभी राहिलीस तर अजूनही दिसेल. एकदा एका नव्या पाहुण्याने डब्यात डोकावून "ई, हे काय!" म्हटलं. दादा काही बोलले नाहीत, झाकण लावून डबा पिशवीत ठेवला, आणि मग बरेच महिने त्यांनी घरचं काही आणलंच नाही. वेफर्सची पाकिटं आणायचे. तुमच्या पंगतीला "अजब खाऊ" नाव दिलंय ते पाकिटांपुरतं ठीक. पण नागालँडची मुलगी तुझ्या मजल्यावर आहे म्हणतेस, तिने घरून आंबवलेलं सोयाबीन आणलं तर ते तिचं जेवण आहे. वास उग्र असेल. आपला सुका जवळा भाजला की तिला काय वाटत असेल, तेही तिला विचार. आवडलं नाही तर "मला जमलं नाही गं" म्हणायचं आणि पाणी प्यायचं. तोंडासमोर मोबाईल धरून चेहरे वेडेवाकडे करायचे नाहीत. आणि जी नको म्हणेल तिला दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

पैशांविषयी ताईने काही विषय काढला होता, पण त्या चॉकलेटची किंमत मी तिला सांगितलेली नाही. वर्गणी काढून एकच वडी आणा आणि वाटून खा. चव पहिल्या घासातच कळते.

आता कामाचं. वालाच्या शेंगा बाजारात यायला लागल्यात. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी तुमची पंगत इकडे घेऊन ये, दादांच्या शेतावर पोपटी लावू. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती गवऱ्या-पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. जाळ किती वेळ ठेवायचा आणि मडकं कधी उचलायचं ते दादा सांगतील, त्यात मीही बोलत नाही. शाकाहारी मुलींसाठी मडकं वेगळं लावू, आणि त्या जैन मैत्रिणीसाठी त्यात बटाटा, रताळं घालणार नाही. कितीजणी येताय ते आठवडाभर आधी कळव, म्हणजे मडकी आणून ठेवायला बरं. पनवेलला उतरलात तर मी रिक्षा पाठवतो. रात्री गारठा असतो, शाली आणा. आणि ते वसाबीचे वाटाणे आठवणीने घेऊन ये, दादांना आणि सरदारजींना चाखायचे आहेत. किती खायचे ते मात्र तू सांगायचं.

तुझा,
मामा