वैरणीची बेगमी

हातखंब्यास पावसाळ्यात पाऊस विपुल; तथापि जांभ्या कातळावर पाणी ठरत नाही, आणि होळीपर्यंत रानातील गवत करपून जाते. त्यात आता पावसाचा नेमही बिघडत चालला आहे. कोकण कपिला गाय काटक खरी. परंतु रिकाम्या गव्हाणीवर तीही जगत नाही. १९७२ च्या दुष्काळात घाटावर कित्येकांची जनावरे चाऱ्यावाचून गेली, हे विसरू नये. म्हणून भाद्रपद-आश्विनात उघडीप मिळताच फुलोऱ्यावरील हिरवी वैरण कापून किंचित सुकवावी, बारीक तोडून उंचवट्यावरील खड्ड्यात तुडवावी व हवा-पाणी न शिरेल अशी झाकावी. सुमारे ४५ दिवसांत मुरघास सिद्ध होतो. दातेहो, छावणीस द्यावयाचे द्रव्य आधीच अशा खड्ड्यांस द्यावे, ही आमची नम्र विनंती. गोठा रिकामा झाल्यावर दिलेल्या रुपयाहून तो राखण्यास दिलेले चार आणे मोलाचे.