सप्तरंगीचा काढा आणि पोटातले जिवाणू



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या याविषयी लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे.

आमच्या गटातील एका सभासदास मधुमेह आहे. त्यांनी रोह्याच्या पाहुण्यांकडून सप्तरंगीचे मूळ आणले. पाहुण्यांना काढ्याने बरे वाटले होते. यांनीही काढा सुरू केला आणि गोळ्या मनानेच बंद केल्या. दोन महिन्यांत पायाची जखम चिघळली. "मूळ तेच, मग त्यांना गुण आला आन् मला का नाही?" प्रश्न रास्त आहे.

सप्तरंगी ही कोकणातल्या रानातली वेल. पेण-रोह्याकडे रानऔषधांची जाण असलेली मंडळी पुष्कळ आहेत. या मुळाचा काढा मधुमेहावर देण्याची रीतही जुनी आहे. सप्तरंगीत मँगिफेरिन नावाचे द्रव्य असते. आंब्याच्या पानात व सालीतही ते सापडते. त्याला साखरेचा एक रेणू घट्ट जोडलेला असतो. आपल्या पाचकरसांना तो तुटत नाही, म्हणून ते रक्तात फार थोडे उतरते. आतड्यातील काही जिवाणू मात्र तो तोडतात आणि नोराथायरिऑल हे नवे द्रव्य तयार होते. ते जास्त सहज शोषले जाते.

आता आपल्या उसाकडे पाहा. आपण युरिया टाकतो. जमिनीतील जिवाणू त्याचा आधी अमोनिया आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा पिकाला नत्र मिळते. एकाच पोत्यातला युरिया दोन रानांत सारखा लागू पडत नाही, हे आपण जाणतोच. पोटाचेही तसेच आहे. प्रत्येकाचे जिवाणू वेगळे, आणि आहाराने व प्रतिजैविक औषधांनी तेही बदलतात. शिवाय मुळाची प्रत, काढ्याची मात्रा आणि आजार किती जुना, हेही आलेच.

म्हणून हे मूळ थोतांड आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यातील सॅलासिनॉल हे दुसरे द्रव्य जिवाणूंवाचूनही आतड्यात पिष्टाची साखर होणे मंदावते. म्हणूनच गोळ्या व काढा एकत्र घेतल्यास साखर एकदम खाली जाण्याचा धोकाही असतो.

तेव्हा एवढे करा. गोळ्या मनाने बंद करू नका. काढा घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका. रक्त वेळोवेळी तपासून घ्या. आणि मधुमेह असेल तर पाचटात अनवाणी शिरू नका, बरं का! रानाची माती तपासतो, तशी अंगाचीही तपासणी हवी.

— ऊस विकास अधिकारी