नाव एक, वाटा अनेक

‘गोविंदाचे घर’ म्हटले की घर ठरलेले असते. ‘माझे घर’ म्हटले की ते बोलणाऱ्यानुसार बदलते. संगणकाच्या कार्यप्रणालीतही असाच भेद आढळतो.

एखाद्या फाइलचा पत्ता दुसऱ्या नावाखाली नोंदवून ठेवला, की त्या नोंदीस सांकेतिक दुवा म्हणतात. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये ही सोय १९८३ साली आली. असा दुवा सर्वांना एकाच ठिकाणी नेतो. मात्र पत्त्यात बदलत्या मूल्याचे नाव, म्हणजे चल, घातले तर तो परिवर्तनशील दुवा होतो. चलाचे मूल्य फाइल शोधतेवेळी भरले जाते.

अपोलो कंपनीच्या डोमेन-ओएस प्रणालीत युनिक्सच्या दोन शाखा एकाच यंत्रावर नांदत. दोहोंतील पुष्कळ आज्ञांची नावे सारखी, वागणूक मात्र निराळी. आज्ञांच्या डिरेक्टरीचे नाव हाच तेथे परिवर्तनशील दुवा होता. ‘सिसटाइप’ या चलाचे मूल्य पाहून तो वापरणाऱ्यास त्याच्या पसंतीच्या शाखेकडे नेई. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेल्या ‘अँड्र्यू’ फाइलव्यवस्थेत तर अनेक जातींची यंत्रे एकच सामायिक भांडार वापरत. एका जातीच्या यंत्रासाठी रचलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालत नाही. म्हणून पत्त्यात ‘अ‍ॅट-सिस’ हा शब्द लिहीत आणि प्रत्येक यंत्र त्या जागी आपल्या जातीचे नाव भरी. व्यवस्थापकाचे केवढे श्रम वाचले असतील!

याहून महत्त्वाचा उपयोग तात्पुरत्या फाइलींचा. त्या ठेवण्याची डिरेक्टरी सर्वांना खुली असते; तेथे कोणी खोडसाळपणे दुसऱ्याच्या अपेक्षित नावाची फाइल आधीच मांडून ठेवू शकतो. नेटबीएसडी प्रणालीत या डिरेक्टरीच्या दुव्यात वापरकर्त्याचा क्रमांक घालता येतो. मग नाव तेच राहते, पण प्रत्येकाची खोली वेगळी होते.

हीच लवचीकता घातकही ठरू शकते. विशेष अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम अशा दुव्यावरून गेला आणि चलाचे मूल्य सामान्य वापरकर्त्याच्या हाती असले, तर प्रोग्रॅम भलतीच फाइल खरी मानून उघडील. ड्रॅगनफ्लाय बीएसडीमध्ये चलाची व्याप्ती प्रक्रिया, वापरकर्ता आणि संपूर्ण प्रणाली अशा तीन पातळ्यांवर ठरवता येते. नेटबीएसडीमध्ये ही सोय मुळात बंदच असते. व्यवस्थापकाने ती जाणीवपूर्वक सुरू करावी लागते. लिनक्सच्या मूळ गाभ्यात असे सर्वसाधारण दुवे नाहीत. तेथे प्रत्येक प्रक्रियेस फाइलींचा वेगळा पसारा दाखवून पुष्कळसे हेच काम साधले जाते.