ट्रॅक्टरला विजेवर चालणारा तापमान मीटर जोडताना

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीवेळी ट्रॅक्टर तासन् तास एका जागी उभा राहून चालतो. मळणी यंत्राचा भुस्सा रेडिएटरच्या जाळीत बसतो, हवा अडते व इंजिन तापते. तापमान मीटर बंद असेल तर वाफ निघेपर्यंत हे कळत नाही. तोपर्यंत हेड गॅस्केट जळते, प्रसंगी इंजिन जाम होते. म्हणून बंद मीटरच्या जागी नवीन मीटर बसवून घ्यावा.

इंजिनच्या पाण्यात बसणाऱ्या भागास सेंडर म्हणतात. पाणी तापले की त्याचा विद्युत रोध कमी होतो, प्रवाह वाढतो व काटा चढतो. त्यामुळे मीटर व सेंडर एकाच जोडीचे, १२ व्होल्टचे घ्यावेत.

जोडणी पुढीलप्रमाणे करावी :

१. इंजिन थंड असताना बॅटरीचे बॉडीला जोडलेले टोक (बहुधा निगेटिव्ह) प्रथम सोडावे.

२. थोडे पाणी काढून जुन्या जागी योग्य आट्यांचा सेंडर बसवावा. एकाच टोकाच्या सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळतो. म्हणून त्यावर टेपचे जाड वेढे देऊ नयेत.

३. मीटरचे पहिले टोक चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या वायरला, दुसरे सेंडरला व तिसरे रंग खरवडलेल्या स्वच्छ लोखंडी भागास जोडावे.

४. वीज घेतो त्या ठिकाणाजवळच मीटरसोबत सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज टाकावा. फ्यूजऐवजी तार बांधू नये.

५. वायर सायलेन्सर व पंख्यापासून दूर बांधावी. पत्र्याच्या छिद्रात रबरी वायसर घालावा.

६. पाणी भरून बॅटरीचे सोडलेले टोक सर्वांत शेवटी जोडावे.

तपासणी : इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी. सेंडरची वायर सुटी असताना काटा ‘थंड’वर राहावा, ती क्षणभर इंजिनला टेकवल्यास ‘गरम’कडे जावा. तसे झाल्यास मीटर व वायर ठीक समजावेत. काटा न हलल्यास फ्यूज, वायर व अर्थ पाहावेत.

महत्त्वाची सूचना : वायर तुटली तरी काटा ‘थंड’च दाखवतो. रेडिएटर रिकामा होऊन सेंडर पाण्याबाहेर आला तरी खरे तापमान कळत नाही. म्हणून अर्धा तास काम होऊनही काटा चढला नाही, तर निर्धास्त न राहता ट्रॅक्टर थांबवून तपासावा. काटा ‘गरम’कडे गेल्यास मळणी थांबवून भार काढावा. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडावे. मीटर बसवला तरी जाळी साफ करणे व रोज सकाळी पाणी पाहणे सोडू नये.