मोफत कोर्सचा खर्च किती?
कागल पंचतारांकित एमआयडीसीत काम शिकू पाहणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हिशेब

‘मोफत सीएनसी कोर्स, नोकरीची हमी’ असा मेसेज गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो आणि घरात चर्चा सुरू होते. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरी, कागल, पलीकडे कर्नाटकात निपाणीपर्यंतच्या कितीतरी घरांना पंचतारांकित एमआयडीसीच्या शेड रोज दिसतात. पुणे–बेंगळुरू महामार्गालगतच्या या वसाहतीत किर्लोस्करची ऑइल इंजिने बनतात, रेमंडचे सुती शर्टिंग विणले जाते, आणि कास्टिंग व मशीनिंगची कामेही चालतात. हाताला काम हवे आणि काम शिकायला पैसे नकोत, असे म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

कोर्स खरोखर मोफत असू शकतो. सरकारच्या अनेक योजनांत प्रशिक्षणार्थ्याकडून एक रुपयाही घेतला जात नाही. पण फी माफ झाली तरी पेट्रोल, दुपारचे जेवण आणि बुडालेली हजेरी माफ होत नाही. कोल्हापूरकरांना हे नव्याने सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले, पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशा अनेक समाजांच्या वसतिगृहांना बळ दिले. खेड्यातल्या मुलाचे शिक्षण शहरातल्या राहण्या-जेवणापाशी अडते, हे त्यांनी ओळखले होते. आज कोर्स निवडतानाही तोच प्रश्न आधी विचारायचा: शिकण्याच्या दिवसांत घर कसे चालणार?

आधी तास बघा, मग दिवस मोजा

अल्पमुदतीचा कोर्स तासांत मोजतात. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतले अल्पमुदतीचे कोर्स साधारण २०० ते ६०० तासांचे असतात. जाहिरातीत ‘तीन महिने’ लिहिलेले असले तरी एकूण तास किती आणि रोज किती तास, हे दोन आकडे मागून घ्या.

समजा कोर्स ४८० तासांचा आहे. रोज ८ तास असेल तर ६० दिवस लागतील, रोज ४ तास असेल तर १२० दिवस. आता एक उदाहरण सोडवून पाहू. घर ते केंद्र २० किलोमीटर, गाडीचे ॲव्हरेज ५०, पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि सध्याची मजुरी रोज ४५० रुपये धरली आहे. तुमचे आकडे वेगळे असतील. ते याच जागी घाला.

६० दिवसांची तुकडी:
- प्रवास २,४०० किलोमीटर, पेट्रोल ४८ लिटर: ५,०४० रुपये
- चहा-नाश्ता रोज ४० रुपये: २,४०० रुपये
- बुडालेली मजुरी: २७,००० रुपये
- एकूण: ३४,४४० रुपये

१२० दिवसांची तुकडी, दुसऱ्या पाळीतली नोकरी सांभाळून:
- प्रवास ४,८०० किलोमीटर, पेट्रोल ९६ लिटर: १०,०८० रुपये
- चहा-नाश्ता रोज २० रुपये: २,४०० रुपये
- बुडालेली मजुरी: शून्य
- एकूण: १२,४८० रुपये

लांबलेल्या तुकडीत पेट्रोल दुप्पट लागते, तरी पगार चालू राहिल्याने ती स्वस्त पडते. पण दुसऱ्या पाळीची नोकरी हातात नसेल आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार असेल, तर नुकसान पुन्हा २७,००० रुपयेच होते, वर पेट्रोल दुप्पट. दुसरी गोष्ट पैशांहून मोठी आहे. रात्री उशिरा घरी येऊन सकाळी लेथसमोर पेंगत उभे राहू नका. मशीनला डुलकी कळत नाही, आणि बोट गेले तर ते कुठल्याही योजनेतून भरून मिळत नाही.

आता परतावा बघा. कोर्सनंतर पगार महिन्याला ३,००० रुपयांनी वाढला, तर ३४,४४० रुपये साडेअकरा महिन्यांत वसूल होतात. वाढ १,५०० चीच असेल तर २३ महिने लागतात. एवढे दिवस घर थांबू शकते का, हे ठरवूनच नाव नोंदवा.

कुठल्या वाटेने गेले तर काय पडते

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना. फी नाही, परीक्षा आणि प्रमाणपत्रही मोफत. हजेरी बायोमेट्रिक असते आणि ती भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. राहण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे वरचा सगळा हिशेब तुमच्या खिशातून जातो. महिला आणि दिव्यांग प्रशिक्षणार्थींसाठी केंद्र सरकारच्या निकषांत प्रवासभत्त्याची तरतूद आहे. तुमच्या तुकडीला तो लागू आहे का, हे विचारा.

आरपीएल, म्हणजे आधीच अंगी असलेल्या कौशल्याची मान्यता. पाच-सात वर्षे मशीनवर उभे राहून काम शिकलेल्या, पण हातात कागद नसलेल्या कामगारासाठी ही सर्वांत स्वस्त वाट आहे. पूर्ण कोर्स करावा लागत नाही. थोडी उजळणी होते, मग परीक्षा आणि प्रमाणपत्र. थोडक्या दिवसांत काम होते. उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेली कितीतरी माणसे आहेत. त्यांच्या हातातले कसब कागदावर यायला हवे.

अप्रेंटिसशिप. इथे खर्च होण्याऐवजी महिन्याला पैसे हातात पडतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरवले: दहावी झालेल्याला ६,०००, बारावी किंवा आयटीआय झालेल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,०००. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणून सही करताना आज लागू असलेला दर विचारा. पण इथेही डोळे उघडे ठेवून हिशेब करा. रोज ४५० रुपये, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ११,७०० रुपये मिळवणारा मुलगा ६,००० वर आला तर घरात दरमहा ५,७०० रुपये कमी येणार आहेत.

तीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे गेटवर चौकशी करायला संकोच नको. करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असलाच पाहिजे. नोंद नसेल तर तुम्ही कायद्याच्या दृष्टीने अप्रेंटिस नाही, फक्त कमी पैशातला हेल्पर आहात. नोंदणीकृत अप्रेंटिसला काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मात्र कायद्यात नाही. जर्मनीत कारखाना आणि शाळा मिळून मुलगा घडवतात आणि शिकतानाही त्याला पैसे देतात; आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी हीच वाट आहे.

स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था. कोल्हापूरची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियाची ही संस्था. या पद्धतीची मुळे १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे इथे सुरू झालेल्या संस्थेत आहेत. ग्रामीण तरुणांना राहणे, जेवण आणि प्रशिक्षण तिन्ही मोफत मिळते. कोर्स बहुधा १० ते ४५ दिवसांचे असतात, आणि नंतर दोन वर्षे पाठपुरावा होतो. हे शिक्षण स्वतःचा धंदा उभा करायला आहे: वायरिंग, दुचाकी दुरुस्ती, शिवणकाम यांसारखे. कारखान्यातच नोकरी करायची असेल तर ही वाट तुमची नाही. गावात शटर उघडून बसायचे असेल तर सर्वांत कमी खर्चाची हीच.

पीएम विश्वकर्मा. लोहार, सुतार, सोनार, कुंभार अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. वसाहतीच्या शेजारीच हुपरी आहे. तिथल्या चांदी कारागिरांनी सोनार व्यवसायाखाली आपली पात्रता जरूर तपासावी. बुडालेल्या मजुरीची दखल ही योजना घेते.

शासकीय आयटीआय. फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने ४०० शासकीय आयटीआय आणि १५० तंत्र शाळांमधून अल्पमुदतीचे कोर्स सुरू करण्याची योजना आणली. कोल्हापुरात कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयमध्ये जाऊन सध्या कुठल्या तुकड्या आहेत आणि त्यांना फी आहे का, हे समक्ष विचारा.

सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थाही आपापल्या प्रवर्गातल्या तरुणांसाठी वेळोवेळी तांत्रिक कोर्सचा खर्च उचलतात. सारथीचे केंद्र कोल्हापुरातच आहे.

अपेक्षा किती ठेवावी

अल्पमुदतीचा सीएनसी किंवा व्हीएमसी कोर्स करून माणूस ऑपरेटर होतो. जॉब बांधणे, ऑफसेट घेणे, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने माप काढणे, ड्रॉइंग वाचणे एवढे नीट आले तर कोर्स सार्थकी लागला. सेटर व्हायला पुढची काही वर्षे मशीनवर जातात. तीन महिन्यांत प्रोग्रॅमर बनवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कागदपत्रे आणि किरकोळ खर्च

आधार, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या परीक्षेचे गुणपत्रक, फोटो आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढे तयार ठेवा. काही योजनांना रेशन कार्ड किंवा जातीचा दाखला लागतो. सर्वांत जास्त अडचण आधारची होते: जुना मोबाइल नंबर, नावातला फरक. ऑक्टोबर २०२५ पासून नाव, पत्ता, मोबाइल यांच्या दुरुस्तीला ७५ रुपये आणि बोटांचे ठसे अद्ययावत करायला १२५ रुपये लागतात. त्याहून जास्त मागितले तर पावती मागा.

निपाणी भागातल्या मुलांनी एक गोष्ट आधी पाहावी. केंद्र सरकारच्या योजनेत राज्याची सीमा सहसा आडवी येत नाही, पण महाराष्ट्र सरकारच्या अनेक योजनांना इथला अधिवास दाखला लागतो. सगळे कागद जमवून शेवटच्या दिवशी परत फिरण्यापेक्षा हे पहिल्या फोनवर विचारलेले बरे.

मुलींसाठी एसटीत मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. पण महामार्गावर उतरल्यावर केंद्रापर्यंतचा रस्ता कसा कापायचा आणि संध्याकाळी सुटण्याची वेळ काय, याचा अंदाज घरच्यांनी एकदा स्वतः सोबत जाऊन घ्यावा. पुष्कळ मुलींचा कोर्स अभ्यासापेक्षा या शेवटच्या दोन किलोमीटरपायी सुटतो.

नाव नोंदवण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. कोर्स कुठल्या योजनेत आहे आणि स्किल इंडिया डिजिटल हब किंवा महास्वयम पोर्टलवर तो दिसतो का?
२. एकूण तास किती, त्यात प्रत्यक्ष मशीनवर किती?
३. एका मशीनमागे किती मुले?
४. मशीन चालू आहे का? चालवून दाखवा.
५. बूट, ॲप्रन, गॉगल केंद्र देते की आपण आणायचे?
६. परीक्षा कोण घेते आणि प्रमाणपत्रावर पडताळणीचा क्यूआर कोड असतो का?
७. मागच्या तुकडीतली मुले आज कुठे कामाला आहेत? दोघांशी बोलता येईल का?

सातव्या प्रश्नाचे उत्तर मोकळेपणाने मिळाले तर बाकीच्या बऱ्याच शंका तिथेच मिटतात.

कोणी पैसे मागितले तर

मोफत योजनेत नोंदणी फी, प्रमाणपत्र फी, ‘साहेबांची’ फी असे काही नसते. पैसे मागितले की पावती मागा. आधार आणि ओटीपी देऊन ‘घरी बसून प्रमाणपत्र’ घेऊ नका. तुमच्या नावावर कोर्स पूर्ण झाल्याची नोंद पडली तर पुढे खरा कोर्स करताना ती आडवी येऊ शकते. मूळ दाखले कुणाकडेही ठेवू नका, झेरॉक्स द्या. शंका असेल तर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारा. तिथे चौकशीला पैसे पडत नाहीत.

थोडक्यात सल्ला

आधीच मशीनवर असाल तर आरपीएल. दहावी-बारावी नुकतीच झाली असेल आणि घर वर्षभर थोडे कमी उत्पन्न सोसू शकत असेल तर नोंदणीकृत अप्रेंटिसशिप किंवा आयटीआय. रोजची मजुरी चुकवता येत नसेल तर नोकरी सांभाळून होणारी ४ तासांची तुकडी. स्वतःचे दुकान टाकायचे असेल तर राहण्या-जेवणासह शिकवणारी बँकेची संस्था.

फॉर्म भरण्याच्या आदल्या रात्री घरच्यांसोबत वही घेऊन बसा. किती दिवस, रोज किती खर्च, किती मजुरी बुडणार, हे तीन आकडे लिहा, आणि त्या दिवसांत दूध, किराणा, हप्ता कोण भरणार तेही नावानिशी लिहा. अर्ध्यात सुटलेल्या कोर्सला प्रमाणपत्र मिळत नाही आणि गेलेले दिवसही परत येत नाहीत. घरातल्या सगळ्यांनी मिळून मांडलेला हिशेब असेल, तर साठाव्या दिवशीही पोरगं सकाळी वेळेवर गाडीला किक मारतं.