बसायचं पाणी आणि चालायचं पाणी

गेल्या आठवड्यात पारशिवनीच्या आमच्या घरातून हॉट टब गेला. कोलितमाराच्या रस्त्यावर होमस्टे चालवणाऱ्या एका गृहस्थांनी तो निम्म्याहून कमी किमतीत नेला. उचलायला सहा माणसं लागली. अंगणात गर्दी जमली आणि त्या गर्दीत कुणीतरी म्हणालंच, "चला, हौस फिटली." ते मला लागलं. हौस म्हणून पाच लाख चाळीस हजार रुपये घालणारं आमचं घर नाही. आईच्या गुडघ्यांचं काय झालं होतं ते आळीत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी हेच ऐकावं लागलं. पुण्याच्या भावानंही फोनवर तेच सुनावलं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

नागपूरच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी आईला सांगितलं होतं, "काकू, जमिनीवर चालणं जमत नसेल तर पाण्यात चाला." त्याचं कारण सरळ आहे. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचा भार जवळजवळ निम्मा होतो आणि छातीपर्यंत पाणी आलं की तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. गुडघ्यावर ओझं नाही, पण पाण्याला रेटत पाऊल टाकायचं म्हणून मांडीचे स्नायू कामाला लागतात. आईला ते लगेच पटलं. तिचं माहेर पेंचेच्या काठचं, लग्नाआधी ती नदीत पोहलेली. आता नदीवर नेणं शक्य नव्हतं आणि रोज नागपूरच्या पोहण्याच्या तलावावर जाऊन येणंही नाही. घरीच काही करता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता.

तोच प्रश्न मी डीलरला विचारला. व्हॉट्सअॅपवर लिहिलं, "आईला पाण्यात चालवायचं आहे. दोन्ही गुडघे खराब." तो मेसेज मी अजून जपून ठेवला आहे. त्याचं उत्तर आलं: "ताई, हॉट टबच घ्या. स्विम स्पाला तिप्पट पैसे जातील. पाणी दोन्हीकडे सारखंच." (स्विम स्पा म्हणजे ज्यात उभं राहून चालता-पोहता येतं असा मोठा टब.)

वर त्यानं मला एक गोष्ट सांगितली, आणि ती खरी आहे हेच जास्त बोचतं. अमेरिकेत पंप बनवणाऱ्या इटालियन भावांपैकी कँडिडो जकूझी यांच्या लहान मुलाला संधिवात होता. इस्पितळातले पाण्याचे उपचार त्याला घरी मिळावेत म्हणून त्यांनी बाथटबमध्ये बुडवायचा पंप तयार केला आणि १९५६ मध्ये तो जे-३०० नावानं बाजारात आला. आपण ज्याला सरसकट जकूझी म्हणतो ते खरं तर त्यांचं आडनाव. (मी घेतलेला टब त्या कंपनीचा नव्हता.) "म्हणजे हा शोधच सांधेदुखीसाठी लागला, ताई," असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. त्या मुलाचं दुखणं गरम पाण्याच्या झोतानं हलकं होत होतं. तो टबमध्ये चालत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण टब विकणाऱ्याच्या लक्षात ते नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

टब बसला तो नोव्हेंबरच्या शेवटी. पहिल्या रविवारी फिजिओथेरपीच्या बाई मुद्दाम पारशिवनीला आल्या. झाकण काढलं, वाफ वर आली, सगळे खूश. त्यांनी वाकून आत पाहिलं. चारही बाजूंनी बसायच्या जागा, मध्ये पाय ठेवायला जेमतेम अडीच फुटांचा चौकोन. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग अगदी हळू विचारलं, "ताई, यात काकूंनी चालायचं कुठं?"

मी उत्तर शोधत होते तोवर आईच बोलली. "पेंचेत उभं राहिलं तं पाणी पायाले ढकले. हे तं नुसतं बसवून ठेवते." ती रागावली नव्हती. मला वाईट वाटू नये म्हणून त्यानंतरही पंधरा दिवस रोज टबमध्ये बसली. सोळाव्या दिवशी उठताना तिला भोवळ आली आणि मी धरली म्हणून ती पडली नाही. पाणी ३९ अंशांवर होतं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब उतरतो, आणि ती तर बीपीची गोळी घेऊन बसली होती. टब देताना कुणी हे विचारलंच नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम टबात बसवू नका, १५ मिनिटांच्या वर तर नाहीच, आणि एकट्याला कधीच नाही.

डीलरला फोन केला. पैसे पोचेपर्यंत मी "ताई" होते, आता "मॅडम" झाले होते. "मॅडम, कोटेशनवर हॉट टब लिहिलंय आणि सही तुमची आहे." मी त्याला माझा मेसेज पाठवला. त्यावर उत्तर नाही. पण त्याच संध्याकाळी स्विम स्पाचं कोटेशन मात्र आलं: सतरा लाख, आणि माझा तीन आठवडे वापरलेला टब परत घेण्याचे ऐंशी हजार. ज्याला पहिल्या दिवशी "पाणी सारखंच" होतं, त्याला आता दोन्हींतला फरक पाठ होता. त्या रात्री मी जेवले नाही.

म्हणून घेऊ पाहणाऱ्यांना सांगायची पहिली गोष्ट: कोटेशनवर वस्तूच्या नावाआधी वापर लिहून घ्या. 'छातीपर्यंत पाण्यात उभं राहून चालणे' असं स्पष्ट लिहा आणि त्याखाली डीलरची सही घ्या. तळ किती फूट मोकळा आहे आणि उभं राहिल्यावर पाणी कुठवर येतं ते इंचांत लिहून घ्या. मग अंगणात खडूनं त्या मापाचा चौकोन आखून ज्याच्यासाठी घ्यायचं त्याला त्यात चालवून बघा. मी हे केलं असतं तर एका खडूत काम भागलं असतं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती आमच्या भागात फार महत्त्वाची आहे. नागपूरच्या नळांना नवेगाव खैरीच्या धरणातून आमच्या पेंचेचं पाणी जातं, पण आमच्या घरी बोअर. टब भरला तेव्हा पाणी काचेसारखं होतं. क्लोरीन टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्याला चहाचा रंग आला, तिसऱ्या दिवशी काठाला काळा थर. कारण मँगनीज. शेजारच्या रामटेक तालुक्यात मनसरला, कांद्रीला त्याच्याच खाणी आहेत. विरघळलेलं मँगनीज दिसत नाही, क्लोरीन लागला की काळं होऊन बाहेर पडतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावं अशी आपल्याकडची मर्यादा आहे, आमच्या बोअरचं ०.६ निघालं. डीलर म्हणाला, बोअरचं पाणी वापरलं म्हणून वॉरंटी संपली. पारशिवनीत दुसरं कोणतं पाणी वापरणार होते मी? तेव्हा अॅडव्हान्स देण्याआधी पाणी तपासा: लोह, मँगनीज आणि क्षार. क्षार जास्त असले की हीटरवर थर चढतो.

आता विजेचं. हिशेब मी वायरमनला समोर बसवून केला, तुम्हीही करा. ८६० लिटर पाणी एक अंशानं तापवायला साधारण एक युनिट लागतं. बाराशे लिटरचा टब २२ वरून ३८ अंशांवर न्यायला २२ युनिट. सहा हजार लिटरचा स्विम स्पा नुसता ३२ वर आणायला ७० युनिट, म्हणजे तीन किलोवॅटचा हीटर जवळजवळ एक दिवस सलग चालवायचा. लाइट गेली की सगळं पुन्हा निवणार. पुष्कळ स्विम स्पांना थ्री फेज लागते, ती गावठाणाच्या फीडरवर किती वेळ टिकते ते आधी बघा. शेताच्या जोडणीवरून तार ओढायचा सल्ला देणारे भेटतील, ते नियमबाह्य आहे. चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय मात्र पाण्यात पाय घालू नका. यात तडजोड नाही.

आणि उन्हाळा! हे टब थंड देशांसाठी केलेले, उष्णता धरून ठेवणारे. मे महिन्यात हीटर बंद असताना आमचं पाणी ४१ अंशांवर गेलं. पाणी थंड करणारा चिलर वेगळा घ्यावा लागतो. त्याचं नाव विक्रीच्या वेळी निघालं नाही.

गच्चीवर बसवू म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास वापराच्या भारासाठी धरलेला असतो. तीन फूट पाणी म्हणजे त्याच जागेत नऊशे किलो. आमच्या डीलरनं आधी गच्चीच सुचवली होती. गवंड्यानं नाही म्हटलं म्हणून वाचलो.

मग स्विम स्पा घ्यावा का? चालायचं किंवा पोहायचं असेल तर दोन्हींत तोच खरा, हॉट टब नव्हे. पण त्याची भिंत चार-साडेचार फूट उंच असते आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ती चढायची कशी? खड्ड्यात बसवला तर जुलैच्या पावसात पंपाच्या खोलीत पाणी शिरतं. ज्याच्याकडे पैसा, थ्री फेज आणि गोडं पाणी तिन्ही आहे त्यानं खुशाल घ्यावा. हॉट टब घ्यावा तो ज्याला हिवाळ्यात रात्री नुसतं शेकत बसायचंय त्यानं.

मी शेवटी गवंड्याकडून टाकं बांधून घेतलं. पंधरा फूट लांब, पाच फूट रुंद, साडेतीन फूट पाणी, उतरायला उतार आणि दोन्ही बाजूंनी धरायला पाइप, वर हिरवी जाळी. क्लोरीन टाकून पाणी दोन दिवस वेगळ्या टाकीत ठेवते, गाळ बसला की वाळूच्या फिल्टरमधून सोडते. दाराला कुलूप असतं, कारण घरात लहान मुलं येतात-जातात. डिसेंबर-जानेवारीत ते बंद ठेवावं लागतं, थंड पाण्यात सांधे आखडतात. बाकी दिवस आई सकाळी बारा फेऱ्या मारते.

पारशिवनी-रामटेककडचं कुणी असा टब किंवा स्विम स्पा घ्यायच्या विचारात असेल, तर अॅडव्हान्स देण्याआधी एकदा आमच्याकडे येऊन जा. पाण्याचा रिपोर्ट, विजेची बिलं आणि तो मेसेज, सगळं दाखवते.