गोधडी विकू, टाका शिकवू



गोधडी शिवायला आपले दिवसचे दिवस जातात. घेणारा मात्र म्हणतो, "जुन्या लुगड्यांचीच तर आहे, एवढे पैसे कशाचे?" त्याला टाक्यांमागची मेहनत दिसत नाही. मग एकदा त्याच्याच हातात सुई द्या की!

इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात असंच करतात. पाहुणे पैसे भरून बाटिक शिकतात. कापडावर गरम मेणाने नक्षी काढायची, मग रंगवायचं आणि आपण केलेला तुकडा घरी न्यायचा. या कलेला 2009 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.

आपल्याकडे परळीला वैजनाथाच्या, अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला बाहेरगावचे लोक येतातच. त्यांच्यासाठी दोन तासांचा वर्ग ठेवता येईल. वीतभर चौकोन, कापडाचे तीन थर, कडेपासून आत धावदोरा. एवढं पुरे.

हिशोब आधी मांडा. समजा 5 जणी आल्या. साहित्य 200, चहा 50, शिकवणाऱ्या दोघींची मजुरी 400, गटाला 100. एकूण 750 रुपये, म्हणजे प्रत्येकी 150.

शिकवण्याचीही मजुरी असते, बायांनो. ती धरायला विसरू नका. पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या गटात कोणाचा टाका सगळ्यात बारीक?